ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्यासमोर

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. तेव्हा झरी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. आज ते पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे. पाड्यापाड्यांतून सुमारे पाच हजार आदिवासी जमले. ठराव मोजके होते आणि कुणालाही तोंडपाठ व्हावेत असे होते: जमीनदाराच्या खासगी शेतावर रोजी बारा आणे रोख मिळाल्याशिवाय राबायचे नाही, वेठ करायची नाही, कुणी अंगावर आला तर प्रतिकार करायचा आणि एकजूट मोडू द्यायची नाही. त्याच वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद झाली होती. किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर यांच्या आग्रहावरून मोजकेच वारली तिथे गेले आणि माह्या धांगडा हा वारली भर सभेत उभा राहून आपल्या लोकांची दशा सांगून आला. टिटवाळ्याला एक माणूस बोलला, चार महिन्यांनी झरीला पाच हजारांनी ठरवले. पुढच्या लढ्यात वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी जन्मभर बांधले जाणे) या दोन्ही प्रथा मोडून पडल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. विद्यापीठांतल्या मानव्यविद्यांच्या परिषदांविषयी लिहिताना एका राजकीय परिषदेपासून सुरुवात करण्याचे कारण असे, की माणसांविषयीचे ज्ञान आणि ती माणसे एका मांडवाखाली आली की काय घडते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सहजी सापडत नाही.

वारल्यांची अवस्था १९४५ पर्यंत कुणाला माहीतच नव्हती, असे नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात वेठीची आणि कर्जाच्या गुलामीची नोंद आहे. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचलणारा तरुण बायकोसकट जन्माचा बांधला जातो, हे सरकारी कागदावर आलेले होते. खुद्द १९४५ सालीच के. जे. सावे यांचे ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. हे लेखन मोलाचे आहे; अभ्यासकाला आजही त्याचा आधार घ्यावा लागतो. पण अहवाल ज्यांच्याविषयी होता ते तो वाचू शकत नव्हते, त्यातल्या एखाद्या वाक्याला ‘हे असे नाही’ म्हणू शकत नव्हते, आणि त्यावरून काय करायचे हेही ठरवू शकत नव्हते. अहवालानंतरची सहा वर्षे वेठ चालूच राहिली. तीच माहिती ज्यांची होती त्यांच्या तोंडून, त्यांच्याच सभेत बोलली गेली तेव्हा तिला धार आली. अहवाल निरुपयोगी होता, असा याचा अर्थ नव्हे. माणसांविषयीचे ज्ञान त्या माणसांच्या गैरहजेरीत अर्धेच राहते, एवढाच अर्थ आहे. या लेखातला मुद्दाही तोच आहे: मानव्यविद्येची परिषद सार्वजनिक ठरते ती दार सर्वांना उघडे ठेवल्याने नव्हे, तर ज्याच्याविषयी बोलले जाते त्या माणसाला तिथे उत्तर देण्याचा आणि बोलणाऱ्याला खोडून काढण्याचा हक्क असल्याने.

या कसोटीवर आजची आपली चर्चासत्रे लावून पाहावीत. विषयांना तोटा नाही: आदिवासी साहित्य, वारली चित्रकला, मौखिक परंपरा, विकास आणि विस्थापन. बीजभाषण होते, समांतर सत्रांत दहा-दहा मिनिटांचे शोधनिबंध वाचले जातात, समारोप आणि आभार होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. यात मेहनत घेणारे प्राध्यापक असतात आणि चांगले निबंधही असतात. दोष माणसांचा नसून मांडणीचा आहे, आणि त्या मांडणीला नियमांचा टेकू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत परिषदेत वाचलेल्या निबंधाला आंतरराष्ट्रीय पातळीवर १० गुण होते, राष्ट्रीय पातळीवर साडेसात, राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३. २०१८ च्या नियमांत आकडे बदलले, उतरंड तीच राहिली. वारल्यांविषयीचा निबंध तलासरीत, वारल्यांसमोर वाचणाऱ्याला सगळ्यात कमी श्रेय आणि जिथे एकही वारली श्रोता नाही तिथे वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त, असा हा हिशेब आहे. खरे तर विधानाची सर्वांत कठीण परीक्षा तलासरीतच होईल. आपण मात्र सोप्या परीक्षेला जास्त गुण ठेवले आहेत.

उत्तर देणारा माणूस समोर नसला की नेमके काय हरवते, हे वारली चौकावरून पाहता येईल. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा आणि गेरूचा हात फिरवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीने त्यावर चौक लिहितात. हे काम परंपरेने सवासिनींचे. चौकटीच्या किनारी एकीत एक भरत जातात आणि मधोमध पालघाट देवी उभी राहते. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. हे सगळे गाण्यांच्या संगतीत घडते. लग्न लावणारी पुरोहित ही धवलेरी, म्हणजे बाईच असते, आणि तिच्या गाण्यांतूनच देवांना बोलावणे जाते. भिंतीवरची आकृती, तोंडातले गाणे आणि मांडवातला विधी ही एकाच ज्ञानाची तीन अंगे आहेत. विद्यापीठात मात्र आकृती कलाविभागाकडे जाते, गाणे मराठी विभागाकडे आणि विधी समाजशास्त्राकडे किंवा मानववंशशास्त्राकडे. तिघेही प्रामाणिक असले तरी जोडणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. ती धवलेरीकडे असते आणि धवलेरी परिषदेला नसते. तिला बोलावले तरी बहुतेकदा उद्घाटनाला दोन गाणी म्हणण्यापुरते. ‘या रेघेचा अर्थ मी असा लावला, तुम्हाला पटतो का?’ असे तिला भर सत्रात विचारले जाईल, त्या दिवशी किती निबंधांची वाक्ये बदलावी लागतील याचा विचार करावा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी या मुलखात कागद आणि रंग पोचवले. गंजाडचे जिव्या सोमा मशे त्या कागदावर असामान्य ताकदीने उतरले आणि त्यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत गेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हा अभिमानाचा इतिहास आहे. पण बायकांच्या हातची, लग्नापुरती, गाण्यासह असणारी कला पुरुषांच्या हातची, विकाऊ आणि निःशब्द कशी झाली, यात काय मिळाले आणि काय गेले, हा प्रश्न डहाणूतल्या बायकांना वगळून सोडवता येणार नाही.

महाराष्ट्राला सार्वजनिक व्याख्यानांची परंपरा नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिची भावंडे निघाली. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाने प्राध्यापकांना वर्गाबाहेर, लहान गावांपर्यंत नेले. या व्याख्यानांनी मराठी वाचक घडवला. मात्र या परंपरेचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो: जाणणारा व्यासपीठावर, न जाणणारा सतरंजीवर. वरच्या वर्गांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात कडक हल्ला चढवला होता. तो हल्ला आजच्या ‘व्याख्यान देऊन समाजप्रबोधन’ या कल्पनेलाही लागू पडतो. ज्या समाजाने वेठीविरुद्ध लढा उभारला, त्याला प्रबोधनाची भाषा ऐकवण्यापूर्वी त्या समाजाला काय ठाऊक आहे हे विचारायला हवे. व्याख्यानमाला टिकाव्यात, परंतु मानव्यविद्यांचे सार्वजनिक काम तिथे संपते, असे मानू नये.

संस्थेने आपली जागा सोडून लोकांच्या जागी जाणे म्हणजे काय, याचा धडा डहाणू तालुक्यानेच देशाला दिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ पासून ते काम कोसबादच्या टेकडीवर चालले. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना किंवा आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. जी मुले दिवसभर गुरांमागे असत त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. शिक्षणाची साधनेही भोवतालच्या पाना-फुलांतून, बियांतून, दगडगोट्यांतून उभी केली. यातली खरी गोष्ट जागेच्या बदलाहून मोठी आहे. मूल आले नाही तर चूक मुलाची नसून शाळेच्या रचनेची असू शकते, हे त्यांनी आधी मान्य केले. विद्यापीठातल्या परिषदेला सामान्य माणूस येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी कोसबादचे हे पहिले पाऊल उचलावे.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा घेतला जाईल. संशोधनाची चर्चा जाणकारांत व्हावी. गावात नेली की तिची सभा होते आणि सभेत बारकावे टिकत नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. हस्तलिखिताचा पाठ ठरवताना किंवा व्याकरणाचा कूटप्रश्न सोडवताना विशेषज्ञांची बंद खोली लागतेच, आणि तसली परिषद चव्हाट्यावर आणावी असे कुणी म्हणत नाही. पण हयात माणसांच्या जगण्याविषयी, स्मृतीविषयी, कलेविषयी विधान करताना त्या विषयाचा जाणकार कोण, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात साठच्या दशकाच्या उत्तरार्धात राफाएल सॅम्युएल या इतिहासकाराने इतिहासाच्या कार्यशाळा सुरू केल्या. तिथे खाणीत, रेल्वेत, कारखान्यात राबून आलेले प्रौढ विद्यार्थी आपापल्या धंद्याचा इतिहास कागदपत्रांनिशी मांडत आणि व्यावसायिक इतिहासकार त्यांच्याशी हुज्जत घालत. त्यातून इतिहासलेखनाचा दर्जा घसरला नाही. कामगारांच्या आणि स्त्रियांच्या इतिहासाचे नवे दालन उघडले, आणि १९७६ पासून त्याच परंपरेतले नियतकालिक जगभरचे अभ्यासक वाचू लागले. परिषदेचा दर्जा तिथे विधानांची कसून तपासणी होते की नाही यावर ठरतो. ती तपासणी करणाऱ्याच्या नावापुढे पदवी आहे की नाही यावर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांना ठाऊक असलेले सगळे खरे आणि विद्यापीठाचे सगळे उसने, असे मानणे म्हणजे नवी अंधश्रद्धा होईल. हे खरे आहे. याच मुलखात भगताच्या शब्दावरून एखाद्या बाईला भुताळी ठरवून छळल्याचा, गावाबाहेर काढल्याचा इतिहास आहे. तो परंपरेचा भाग आहे म्हणून त्याला मान द्यायचा काय? मुळीच नाही. सामूहिक स्मृतीही चुकते: तारखा सरकतात, एका पुढाऱ्याचे नाव मोठे होते आणि लढ्यात पुढे असलेल्या बायकांची नावे गळून जातात. म्हणूनच इथे विद्यापीठाची गरज आहे. दफ्तरातला कागद, त्या काळची वर्तमानपत्रे, शेजारच्या जिल्ह्यातला दाखला, दोन आठवणींतली तफावत हे सगळे सभेपुढे ठेवणे, हे इतिहासकाराचे काम आहे. अभ्यासकाने लोकांपुढे हात जोडून बसावे अशी अपेक्षा नाही. त्याने वाद घालावा, पण तोंडावर घालावा. भगताला प्रश्न विचारला जावा आणि प्राध्यापकालाही. जिला भुताळी म्हटले गेले तिच्या लेकीला बोलायची पाळी मिळावी. उत्तर देण्याचा हक्क कुणा एका समाजाचा, त्यातल्या पुढाऱ्यांचा किंवा पुरुषांचा राखीव नसतो. तो प्रत्येकाचा असतो. त्याच्या आधाराने परंपरेतल्या जुलमालाही वाचा फुटते.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. तलासरी-डहाणूत लाल बावट्याची जुनी मुळे आहेत, १९७८ पासूनची कष्टकरी संघटना आहे, हिंदुत्ववादी संस्थांची वसतिगृहे आहेत, ख्रिस्ती मिशनांचे काम आहे, आदिवासी अस्मितेच्या चळवळी आहेत. अशा ठिकाणी खुली परिषद भरवली तर ती कुणीतरी बळकावेल, ही भीती अनाठायी नाही. पण राजकारण नको म्हणून विद्यापीठ दूर राहिले, तर राजकारण थांबत नाही. विद्यापीठ तेवढे गैरहजर राहते. प्रत्येक संघटनेच्या मांडवात तिचीच बाजू बोलली जाते, आणि ते साहजिकच आहे. सगळ्या बाजू एकाच मांडवात येऊन एकमेकींना पुरावा मागतील, अशी जागा मात्र या मुलखाला हवी आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये त्याला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर आहे. वाद खोली, भराव, नोकऱ्या आणि भरपाई यांच्या भाषेत झाला. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला समुद्राची कोणती ओळख आहे, डोंगरपट्टीतल्या वारल्याच्या दृष्टीने जागा सोडणे म्हणजे काय सोडणे, हे प्रश्न मानव्यविद्यांचे होते. त्यांची पुराव्यानिशी, सर्व बाजूंसमोर चर्चा करणे हे जनसुनावणीच्या मर्यादित चौकटीत शक्य नव्हते. ते विद्यापीठच करू शकते, कारण त्याला कुणाची बाजू जिंकवायची नसते.

मग हे करायचे कसे? अंतर ही सबब उरलेली नाही. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते आणि तलासरी अहमदाबाद महामार्गावरच आहे. खरी अडचण वेळापत्रकाची आहे. विद्यापीठीय परिषदांचा हंगाम डिसेंबर ते मार्च, कारण ३१ मार्चपूर्वी निधी संपवायचा असतो. नेमक्या त्याच महिन्यांत इथली कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर पोटासाठी गेलेली असतात. जूनपासून पेरणी, आवणी, मग कापणी. झरीची परिषद मे महिन्यात भरली हे विसरून चालणार नाही: शेतीची कामे थंडावलेली, माणसे गावी परतलेली, पाऊस अजून दूर. लग्नसराईही त्याच सुमाराची, म्हणजे चौक आणि धवलेरीही तेव्हाच. किसान सभेला लोकांचे पंचांग ठाऊक होते. विद्यापीठाने ते शिकून घ्यावे. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयांच्या खोल्याही मोकळ्या असतात. दुसरी अडचण रोजीची. परिषदेला येणाऱ्या प्राध्यापकाचा दिवस कामाचा धरला जातो आणि भत्ता मिळतो. मजुराचा दिवस बुडतो. म्हणून बोलणाऱ्या धवलेरीला, तारपावाल्याला, जुन्या लढवय्याला बीजभाषकाइतकेच मानधन आणि ऐकायला येणाऱ्या मजुराला बुडालेली रोजी, हा अंदाजपत्रकातला पहिला खर्च असावा. शाल-श्रीफळ आणि फ्लेक्स यांचा नंबर त्यानंतर. तिसरी अडचण भाषेची. निबंधाचे सार आधी सोप्या मराठीत छापून द्यावे आणि सत्रे वारलीत व मराठीत चालावीत.

ही दुभाषीगिरी करणारी माणसे बाहेरून आणायला नकोत. तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे, बोर्डीला महाविद्यालय आहे. तिथली अनेक मुले घरात वारली बोलतात, वर्गात मराठी वाचतात आणि मोबाइलवर तीन-चार भाषा वापरतात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक ठेवले आहेत. परिषदेआधी सहा महिने याच विद्यार्थ्यांनी आपल्या पाड्यावरच्या आठवणी, गाणी, जमिनीचे कागद गोळा करावेत, परिषदेत ते मांडावेत आणि पाहुण्या अभ्यासकांचे म्हणणे आपल्या माणसांना सांगावे. ध्वनिमुद्रण बोलणाऱ्याच्या संमतीने व्हावे, त्याची एक प्रत स्थानिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कायमची राहावी, आणि छापण्यापूर्वी निबंध इथे परत वाचला जावा. कुणी हरकत घेतली तर ती हरकतही निबंधाबरोबर छापावी. पहिल्या पिढीत पदवीपर्यंत आलेल्या मुलाला आपल्या आजीचे म्हणणे विद्यापीठाच्या ग्रंथात पुरावा म्हणून, तिच्या नावानिशी छापलेले दिसले, तर मानव्यविद्या कशासाठी शिकायच्या हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लोक येतील का, ही शंका मात्र काढून टाकावी. आदिवासी एकता परिषदेच्या सांस्कृतिक महासंमेलनांना दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास अफाट गर्दी लोटते आणि १० ऑक्टोबरच्या हुतात्मा दिनाला तलासरी परिसरात माणसे आजही जमतात. बोलण्याची, ऐकण्याची आणि ठरवण्याची भूक इथे जुनी आहे. कमी आहे ती विद्यापीठाच्या हजेरीची. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; ते पुस्तक लेखिकेने वारल्यांमध्ये राहून, त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलून मिळवलेल्या ज्ञानातून उतरले आहे, आणि मराठीतल्या मानव्यविद्येची उंची दाखवायला ते पुरेसे आहे. एका व्यक्तीने केले ते संस्थेलाही करता येते. त्यासाठी नवी इमारत नको, नवा विभाग नको. वारल्यांवरील पुढची परिषद तलासरीत घ्यावी, मे महिन्यात घ्यावी, वारलीत बोलू द्यावे, सर्वांना सारखे मानधन द्यावे आणि तिथे वाचलेल्या निबंधाला सर्वाधिक गुण द्यावेत, एवढाच निर्णय मुंबई विद्यापीठाने घ्यायचा आहे. जे विधान वारल्यांसमोर उभे राहून करता येत नाही, ते वारल्यांविषयी करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे तत्त्व विद्यापीठाने एकदा स्वीकारले की बाकीच्या तपशिलांच्या वाटा निघतील.